साठ जणांची गोष्ट



रझाकारांच्या दिवसांविषयी मागं लिहिलं होतं, ते वाचून पुण्याच्या भाच्याचा फोन आला. तो सध्या इराकमधल्या कुर्द लोकांविषयी काहीबाही वाचतोय. म्हणाला, "मामा, तिकडं कुर्दांचं स्वतःचं कमांडो पथक आहे, दहशतवाद्यांशी लढायला. सगळे तिथल्याच डोंगरातले. आपल्याकडं असं काही झालंय का हो?"

मी म्हटलं, झालंय की! आणि त्यांच्या आधी बारा वर्षं झालंय.

असं विचारलं की बहुतेकांना मुंबईचं 'फोर्स वन' आठवतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जणांनी मुंबई वेठीला धरली. १६६ माणसं गेली. आणि आपले कमांडो कुठं होते? हरियाणात, मानेसरला. त्यांना न्यायला विमान चंडीगडहून दिल्लीला यायचं होतं. ते मुंबईत उतरले तेव्हा पहाट झाली होती. तोवर रात्रभर साध्या पोलिसांनीच तोंड दिलं. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याजवळ एक काठी होती. त्यानंतर २००९ च्या नोव्हेंबरात राज्यानं स्वतःचं फोर्स वन उभं केलं. चांगलं केलं. पण ते राज्यभरातल्या पोलिसांतून निवडलेल्या जवानांचं दल. भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मुंबईत नाही, ते गडचिरोलीत आहे. १९९० सालचं. त्याचं नाव सी-६०. सी म्हणजे कमांडो, आणि साठ म्हणजे पहिल्यांदा निवडलेले साठ जवान. साठही त्याच जिल्ह्यातले.

आमच्या गावाच्या नावातच ठाणं आहे, आणि गावात पोलीस ठाणंही आहे, त्यामुळे पोलीस हा माझ्या कुतूहलाचा जुना विषय. पण परभणी जिल्ह्यातल्या निवृत्त मास्तरानं गडचिरोलीवर का लिहावं, असं कोणी विचारील. तर सांगतो. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणातून सुटलेलं पूर्णेचं पाणी पुढं गोदावरीला मिळतं, नांदेडवरून तेलंगणात उतरतं आणि बऱ्याच लांबचा फेरा मारून पुन्हा महाराष्ट्राच्या कडेला लागतं ते सिरोंच्याला. तिथं प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे आमचंच पाणी तिकडं जातं. आणि इतिहासही तिकडं जातो. सिरोंच्याचा मुलूख १८६० पर्यंत निजामाचा होता, मग त्यानं तो इंग्रजांना दिला. समोरच्या काठावरचं करीमनगर आणि इकडचं आमचं परभणी, ही दोन्ही १९४८ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानातले जिल्हे. मराठवाड्यात आम्ही रझाकारांशी झुंजत होतो, त्याच वेळी तेलंगणात कम्युनिस्टांनी देशमुख-जहागीरदारांविरुद्ध हत्यार उचललं होतं. आमचा लढा १७ सप्टेंबर १९४८ ला संपला. त्यांचा १९५१ पर्यंत चालला, आणि तिथल्या मातीत त्याची ठिणगी राहिली ती राहिलीच.

२२ एप्रिल १९८० रोजी कोंडापल्ली सीतारामय्या यांनी 'पीपल्स वॉर' हा पक्ष काढला, आणि त्याच वर्षी त्यांची छोटी छोटी दलमं प्राणहिता ओलांडून सिरोंच्यात शिरली. तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा नव्हता, सगळा चंद्रपूरच. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा, म्हणजे आमच्या परभणीच्या दुपटीहून मोठा, आणि त्यातला तीन चतुर्थांश जंगल. पावसाळ्यात चार-चार महिने तालुक्यांचा संपर्क तुटायचा.

आता ही दलमं आली आणि लोकांनी त्यांना भाकरी का दिली? भाकरी म्हणणंही चूकच, तिकडं भात आणि आंबील! तर का दिली? कारण तोवर माडिया-गोंडांच्या दारात जे सरकार जात होतं ते जंगल खात्याच्या गार्डाच्या रूपात. लाकूड तोडलं, दंड. मोहफुलं वेचली, कोंबडी आण. तेंदूपत्त्याच्या पुड्याला ठेकेदार देईल ते पैसे, बांबूतोडीला देईल ती मजुरी. दलमवाल्यांनी ठेकेदाराला झाडाला बांधलं आणि भाव वाढवून घेतला. हे खरं आहे आणि ते लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजत नाही. ज्याच्या घरात कोणी कधी न्याय घेऊन गेलं नव्हतं, त्याच्याकडं बंदुकीवाला तो घेऊन गेला. पुढं त्याच बंदुकीनं गावच्या पाटलाला, शिक्षकाला, कधी नुसत्या संशयावरून एखाद्या गरीब माणसाला 'पोलिसांचा खबऱ्या' ठरवून मारलं, तेव्हा लोकांना कळलं की हाही एक सावकारच. पण तोवर उशीर झाला होता.

आणि पोलीस? ते बिचारे सांगलीचे, नगरचे, आमच्याकडचे. शिक्षा म्हणून धाडलेले. गोंडी येत नाही, माडिया येत नाही, वाट माहीत नाही. गावात गेले की गाव रिकामं. हाती लागेल त्याला धरायचं, ठोकायचं. पुढं टाडा कायदा आला तेव्हा त्याखाली कितीतरी आदिवासी डांबले गेले. ठोकलेल्या प्रत्येक पोराचा भाऊ दलमला जाऊन मिळायचा. असा तो धंदा दहा वर्षं चालला.

शेजारी आंध्रात १९८९ साली के. एस. व्यास नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं 'ग्रेहाउंड्स' हे जंगलात लढणारं दल उभं केलं. (व्यासांना पुढं १९९३ च्या जानेवारीत हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये नक्षलवाद्यांनी गोळ्या घातल्या. संध्याकाळी धावायला गेले होते.) पण ग्रेहाउंड्ससाठी जवान साऱ्या राज्यातून वेचलेले होते. गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी पुढच्याच वर्षी वेगळा विचार केला. बाहेरच्या पोलिसाला जंगल शिकवण्यापेक्षा जंगलातल्या पोराला बंदूक शिकवू. जिल्हा पोलिसांत भरती झालेले तिथलेच गोंड, माडिया आणि इतर स्थानिक तरुण घेतले, साठ जण. हेच रघुवंशी पुढं मुंबईत करकऱ्यांच्या हौतात्म्यानंतर दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले, म्हणजे वरच्या दोन्ही गोष्टींत हा माणूस आहे!

कल्पना ऐकायला सोपी वाटते. पण सरकारी कारभारात स्थानिक माणसावर भरवसा ठेवणं किती अवघड असतं, हे ज्यानं जिल्हा परिषदेत एक बदली करून घेतलीय त्याला विचारा. स्थानिक म्हटला की वशिल्याचा, फितूर व्हायचा, सोयऱ्याला सांगायचा, अशीच आपली समजूत. १९९० साली ज्या आदिवासींकडं आख्खं पोलीस खातं संशयानं पाहत होतं, त्यांच्याच हातात चांगली हत्यारं देणं हे धाडसच होतं. आणि धोका नुसता कागदावर नव्हता. १९९१ साली नक्षलवाद्यांनी अहेरीचे आमदार धर्मरावबाबा आत्राम यांनाच उचलून नेलं होतं, आणि तुरुंगातला त्यांचा एक माणूस सोडल्यावर त्यांची सुटका झाली. राजघराण्यातल्या आमदाराची ही गत, तर पोलिसात गेलेल्या साध्या पोराच्या घरच्यांची काय असेल!

आमचा एक विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, तो अजून नोकरीत आहे. फौजदाराची परीक्षा पास झाला आणि पहिलीच नेमणूक गडचिरोली, २०११ साली. पेढे घेऊन आला तेव्हा त्याची आई पदरानं डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, अगं, साहेब झालाय तो. ती म्हणाली, "गुरुजी, साहेब हितं झाला असता तर बरं झालं असतं." दिवाळीला सुट्टीवर आला की तो महादेवाच्या देवळाच्या कट्ट्यावर माझ्यापाशी येऊन बसायचा आणि तिकडचं सांगायचा. (आमच्या गावची ही यादवकाळची देवळं पाहायला या एकदा, मंडळी. पण तो विषय वेगळा.)

तो सांगायचा की पहिल्याच गस्तीत त्याला कळलं, आपण साहेब नाही, आपण ओझं आहोत. भामरागडकडच्या एका टोल्यावर एक म्हातारी त्याच्याशी दहा मिनिटं बोलत होती, रागानं की मायेनं तेही कळेना. "गुरुजी, मराठी माझी मायबोली, महाराष्ट्रातच उभा आहे, आणि मी मुका!" मग पथकातल्या जवानानं अर्थ सांगितला. म्हातारी म्हणत होती, मागच्या वेळी आलेल्यांनी विहिरीची घागर नेली ती परत करा. जवानानं हसून 'जोहार' केला, तिच्या गोटुलाच्या ओट्यावर बसला, कुणाची सून बाळंत झाली ते विचारलं. पुढच्या फेरीला नवी घागर आणून दिली. त्या गावातून नंतर पथकाला कधी काही कळलं असेल, तर ते त्या घागरीमुळं, असं तो म्हणायचा.

सी-६० चं काम हे असं आहे. बातम्यांत फक्त चकमक येते. या जवानांचं प्रशिक्षण मानेसर, कांकेर, हजारीबाग, नागपूर अशा ठिकाणी होतं, हे खरं. पण जे त्यांना तिथं कोणी शिकवलेलं नाही तेच त्यांचं खरं हत्यार. एखाद्या पक्ष्याचा आवाज अचानक बंद झाला तर थांबायचं. पानांचा पाचोळा कोणत्या अंगाला दबलाय ते पाहायचं. रस्ता सोडायचा, पायवाटसुद्धा सोडायची, मोरीवरून कधी जायचं नाही, कारण सुरुंग मोरीखालीच असतो. गाडी तर नकोच. दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटर पाठीवर ओझं घेऊन चालायचं. प्रत्येक तुकडी तिच्या कमांडरच्या नावानं ओळखली जाते, आकड्यानं नाही. अमक्याची पार्टी, तमक्याची पार्टी. आणि हा कमांडर बहुतेक वेळा हवालदार नाहीतर जमादार असतो. आमचा फौजदार हुद्द्यानं वरचा, पण जंगलात शब्द त्या हवालदाराचा. मला ही गोष्ट फार आवडली. शाळेतही काही शिपाई असे असायचे की हेडमास्तर त्यांना विचारून शाळा सोडायचा!

ही माणसं गावात गेली की जातीचा दाखला, निराधाराची पेन्शन, आधारचं काम, असल्या गोष्टीही ऐकून घेतात. आता तर पोलीस ठाण्यांतच त्यासाठी 'पोलीस दादालोरा खिडकी' नावाची सोय आहे, नावच माडिया बोलीतलं. १९८० साली असली एखादी खिडकी असती तर दलमवाल्यांना कोणी उभं केलं असतं का, हा प्रश्न मात्र मनात येतो. त्यांचं ब्रीदवाक्य आहे 'वीरभोग्या वसुंधरा'. संस्कृत शिकवलेल्या माणसाला ते जरा खटकतं. धरती वीरानं भोगायची असते, हा राजे लोकांचा विचार. गोंडाच्या घरी धरणी ही आई, तिला विचारल्याशिवाय तो नवं फळसुद्धा खात नाही. असो.

आता अवघड भाग. तिथलाच माणूस घेतला की त्याला वाट माहीत असते, तशीच त्याची वाटही सगळ्यांना माहीत असते. त्याचं घर कुठलं, आई कोणत्या दिवशी बाजाराला जाते, बहीण कुठं दिलीय. पोलिसात गेला म्हणून कितीतरी जवानांच्या घरच्यांना गाव, शेत, देव सोडून गडचिरोलीत खोली करून राहावं लागलं. लढायचं आपल्या मातीसाठी, आणि त्या मातीत दिवाळीलासुद्धा जाता यायचं नाही. शिवाय समोरच्या दलममध्येही पोरं तीच. बड्या नेत्यांपैकी बरेच तेलंगणातले, शिकलेले. पुढं बंदूक घेऊन उभी राहणारी मात्र माडिया-गोंडांची. इकडून मेला तरी मडावी, तिकडून मेला तरी मडावी.

माझ्या वडिलांनी पाहिलेल्या गोष्टी इथं आठवतात. निजामाविरुद्ध लढणारे आमच्याकडचे तरुण सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात छावण्या टाकून बसायचे आणि रात्री येऊन करोडगिरीची नाकी जाळून जायचे. ते यशस्वी झाले कारण प्रत्येक ओढा त्यांच्या पायाखालचा होता. पण पोलीस ॲक्शन झाल्यावर हीच माहिती काही ठिकाणी सूड उगवायच्या कामी आली. कोणाचं घर कुठलं, हे सगळ्यांना ठाऊक. रझाकारांशी काही देणंघेणं नसलेली गरीब मुसलमान माणसं त्यात भरडली गेली, सुंदरलाल समितीनं ते नोंदवून ठेवलंय. म्हणून स्थानिक माणसाच्या हाती हत्यार द्यायचं तर त्यावर कायद्याचा लगाम पक्का पाहिजे.

हा लगाम नसला की काय होतं ते आपल्याच शेजारी दिसलं. २००५ साली छत्तीसगडात 'सलवा जुडूम' निघालं. कल्पना वरवर तीच, आदिवासीच नक्षलवाद्यांशी लढतील. पण तिथं थोड्याशा मानधनावर, जेमतेम प्रशिक्षण देऊन कोवळ्या पोरांना 'विशेष पोलीस अधिकारी' केलं. गावंच्या गावं जळाली, लोक छावण्यांत आले, हजारो आंध्रात पळाले. शेवटी ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. सी-६० चा जवान मात्र पगारी पोलीस आहे. त्याला बक्कल नंबर आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि चुकला तर चौकशीही होऊ शकते. हा फरक बारीक नाही.

भाच्याच्या कुर्दांकडंही हेच दिसतं. २००१ च्या अखेरीस हलबजाच्या डोंगरात 'अन्सार अल इस्लाम' नावाची कडवी संघटना उभी राहिली. तिच्याशी लढायला २००२ साली अमेरिकेच्या मदतीनं सुलेमानियात कुर्दांचं हे दहशतवादविरोधी पथक तयार झालं. डोंगर त्यांचा, भाषा त्यांची, त्यामुळं त्यांनी मोठी कामं केली. २२ ऑक्टोबर २०१५ ला त्यांनी अमेरिकी कमांडोंबरोबर हवीजाजवळच्या एका तुरुंगावर पहाटे छापा घातला आणि इसिसनं मारायला काढलेले सत्तरच्या आसपास कैदी सोडवले. ते कैदी कुर्द नव्हते बरं का, अरब होते! पण हे पथक सरकारपेक्षा एका पक्षाचं, आणि पक्ष एका तालबानी घराण्याचा. २०२१ साली त्या घराण्यातल्या चुलतभावांत बिनसलं, तेव्हा पथक कोणाच्या ताब्यात यावरच ओढाताण झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर सुलेमानिया शहरातच एका भावानं दुसऱ्याला पकडायला फौज धाडली आणि रात्रभर गोळीबार झाला. आपल्या गडचिरोलीत एस.पी. दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, नवा येतो, पथक तसंच राहतं. सरकारी बदल्यांना आपण एवढ्या शिव्या देतो, पण त्यांचा असाही एक उपयोग!

एवढं सगळं असूनही सी-६० चा मार्ग सरळ नव्हता. २००९ हे वर्ष आठवा. १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा पोलीस गेले. २१ मेला हत्तीगोट्याजवळ सोळा, त्यांत पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाच्या पाच दिवस आधी, लाहेरीला सतरा. तीन ठिकाणी मिळून अठ्ठेचाळीस! मुंबईच्या हल्ल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुंबईसाठी मेणबत्त्या पेटल्या, ते योग्यच होतं. लाहेरीसाठी आमच्या जिल्ह्याच्या गावीसुद्धा कोणी पणती लावल्याचं मला आठवत नाही.

आणि २२ एप्रिल २०१८. भामरागड तालुक्यात बोरिया-कसनासूरला इंद्रावतीच्या काठी सी-६० नं दलमला घेरलं. त्या आणि लगतच्या दुसऱ्या चकमकीत मिळून चाळीस नक्षलवादी मारले गेले, बरेच मृतदेह नदीतून काढावे लागले. जिल्ह्यात नाचगाणी झाली, जवानांचे सत्कार झाले. पण गट्टेपल्ली नावाच्या गावातली काही तरुण मुलं-मुली त्याच सुमारास नाहीशी झाली होती. घरचे म्हणाले, लग्नाला गेली होती. पोलीस म्हणाले, नुकतीच दलममध्ये भरती झाली होती. मी तिथं नव्हतो. पण नाचाच्या चित्रफिती पाहून मला बरं वाटलं नाही, हे सांगतो. आमचा विद्यार्थी तेव्हा बदलून दुसरीकडं गेला होता. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "नाचणारे बाहेरचे असतील, गुरुजी. पार्टीवाले नाचत नाहीत."

पुढच्याच वर्षी महाराष्ट्र दिनी, १ मे २०१९ ला, उत्तर बसला. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. ती पाहायला निघालेलं शीघ्र कृती दल एका खासगी गाडीत बसलं, आणि जांभुळखेड्याच्या नाल्याजवळ गाडीखाली सुरुंग उडाला. पंधरा जवान आणि गाडीचा चालक. गाडी नकोच, मोरी नकोच, हे ज्या जिल्ह्यात पोराटोरांना पाठ, तिथं ते झालं. घाई कोणी केली, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. गेलेल्यांत एक जण आमच्या शेजारच्या औंढा तालुक्यातला होता, एक बीडच्या पाटोद्याचा. जिंतूरहून औंढ्याला एसटी जाते. त्या दिवशी पहिल्यांदा इथल्या चहाच्या टपरीवर गडचिरोलीचं नाव लोकांच्या तोंडी आलं.

१३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात दिवसभर चकमक चालली आणि सव्वीस-सत्तावीस नक्षलवादी पडले. त्यांत मिलिंद तेलतुंबडे होता, म्हणजे शिकलेला, मराठी नेता. त्यानंतर पलीकडची फळी ढासळत गेली. २००५ पासून राज्याची शरणागतीची योजना आहे. तिच्याखाली आजवर गडचिरोलीत सहाशेहून जास्त जण बंदूक ठेवून परतले आहेत. १ जानेवारी २०२५ ला तारक्का आली. आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नवरा भूपती, खरं नाव मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं शरण आला. गाव त्याचं पेद्दपल्ली, म्हणजे जुन्या करीमनगर जिल्ह्यातलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी प्राणहितेपलीकडून जे आलं, ते त्याच मुलखातल्या माणसाच्या हातून असं खाली ठेवलं गेलं.

आता सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक चालतात. रस्ते झाले, मनोरे उभे राहिले. पहिल्या साठांपैकी जे जगले ते केव्हाच निवृत्तीच्या वयाला पोचले. डोंगराचा मोबदला त्या टोल्यांना किती मिळतो, यावर आता तिथली राजकारणं चालतील. तो हिशेब पोलिसांच्या हातात नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या पार्टीत एक जवान होता. त्याचा मामेभाऊ दलममध्ये होता. दोघं लहानपणी एकाच आश्रमशाळेत, एकाच ताटात जेवलेले. एकदा चकमकीत पलीकडून ओरडण्याचा आवाज आला तो ओळखीचा वाटला, म्हणून या जवानानं बंदूक खाली केली होती. कमांडरनं पाहिलं, पण अहवालात लिहिलं नाही. मागच्या दिवाळीला मी विद्यार्थ्याला त्या दोघांचं पुढं काय झालं ते विचारलं.

"मामेभाऊ शरण आला, गुरुजी. दोघंबी आता गडचिरोलीत एकाच गल्लीत राहतात."

"बोलतात का एकमेकांशी?"

"बायका बोलतात," तो म्हणाला.